स्टुडंट लोनवाल्यांच्या केसेस करणारी समर इंटर्नशिप: जेडी करणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

जेडी म्हणजे अमेरिकेतली वकिलीची डिग्री करताना लॉ स्कूलच्या पहिल्या समरला काय करायचं असं विचारलं की सिनियर्स ठरलेलं उत्तर देतात, एखाद्या जजकडे लाग नाहीतर फर्म शोध. मी तिसरंच सांगणारे. अमेरिकेत स्टुडंट लोनखाली दबलेल्या लोकांच्या केसेस फुकट करणारी लीगल एड ऑफिसं आहेत, तिथे जा. मी २०२५ च्या समरला गेले होते, एका नॉन-प्रॉफिटच्या कन्झ्युमर युनिटमध्ये. नाव देत नाहीये, कारण खाली तक्रारीही लिहिल्यात आणि तिथल्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. ५ पैकी साडेचार स्टार. अर्धा स्टार पैशांपायी कापलाय, कामाला मी पैकीच्या पैकी देईन.

आधी हे काम आहे काय ते सांगते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांना वाटतं की लोन घेतलं, फेडलं नाही, त्यात वकिलाचं काय काम. फेडरल स्टुडंट लोन घेतलेले ४ कोटींवर लोक आहेत आणि आकडा १.६ ट्रिलियन डॉलरच्या पुढे आहे. यातल्या जवळजवळ सगळ्या लोनचा हप्ता २७० दिवस थकला की लोन डिफॉल्टमध्ये जातं, म्हणजे बुडीत धरलं जातं, आणि मग सरकारला कोर्टात न जाताच पगारातून १५ टक्क्यांपर्यंत कापून घेता येतं, टॅक्स रिफंड वळता करता येतो. क्रेडिट कार्डच्या थकबाकीला मुदतीचा कायदा असतो, काही वर्षांनी दावा टाकता येत नाही. फेडरल स्टुडंट लोनला तोही नाही, १९९१ मध्ये काँग्रेसने ती मुदतच काढून टाकली. म्हणजे पंचविशीत घेतलेलं लोन सत्तरीतही मागे लागू शकतं. आणि कर्जदाराला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही, हा काही फौजदारी खटला नाही. म्हणून ही ऑफिसं.

माझ्या इंटर्नशिपची वेळही अशी होती की कोविडपासून थांबलेली डिफॉल्टची वसुली मे २०२५ मध्ये परत सुरू झाली आणि आम्ही इंटर्न साधारण त्याच सुमारास आत आलो. फोन सतत वाजत होता. लोकांना पाच वर्षांनी पत्रं यायला लागली होती, त्यातल्या निम्म्या लोकांचे पत्ते बदललेले, काहींना त्यांचं लोन कुठल्या कंपनीकडे आहे हेच माहीत नाही, कारण मधल्या काळात सर्व्हिसर बदलले. सर्व्हिसर म्हणजे सरकारच्या वतीने हप्ते गोळा करणारी कंपनी, लोन सरकारचंच असतं पण तुम्ही बोलता ते या कंपनीशी.

तर काम. सुरुवात इंटेकने होते, म्हणजे नवीन माणसाची माहिती घेणं. माणूस फोनवर असतो, तुम्ही त्याला त्याच्या फेडरल अकाउंटला लॉगिन करायला मदत करता आणि तिथून एक टेक्स्ट फाइल डाउनलोड करायला सांगता. ही फाइल म्हणजे या कामाचा सातबारा समजा. साधी नोटपॅडमध्ये उघडणारी फाइल, नुसत्या ओळीच्या ओळी, कुठलं लोन, कुठलं कॉलेज, किती तारखेला पैसे दिले, आणि स्टेटसचे दोन अक्षरी कोड. आरपी म्हणजे हप्ते चालू, एफबी म्हणजे फोरबेअरन्स (हप्ते तात्पुरते थांबतात, व्याज चालू राहतं), डीयू म्हणजे डिफॉल्ट. पहिल्यांदा बघितलं तेव्हा काहीच कळेना, आणि समर संपताना मी ती फाइल वरून खाली वाचत माणसाची दहा-पंधरा वर्षं सांगू शकत होते, इथे कॉलेज सोडलं, इथे नोकरी गेली असणार, इथे सर्व्हिसरने हप्ता कमी करायची योजना सांगायच्या ऐवजी फोरबेअरन्सवर ढकललं आणि व्याज चढत गेलं. ही ढकलाढकली काही माझी कल्पना नाही. कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरोने २०१७ मध्ये नाव्हिएंट या सर्व्हिसरवर जो दावा टाकला त्यातला मोठा आरोप हाच होता, आणि २०२४ मध्ये तो १२ कोटी डॉलरवर मिटला. पण दाव्यात वाचणं वेगळं आणि एखाद्या माणसाच्या फाइलमध्ये ओळीने एफबी, एफबी, एफबी बघणं वेगळं.

एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत. एक बाई, वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करायचं काम करतात. खूप वर्षांपूर्वी त्यांनी एका फॉर-प्रॉफिट कॉलेजात मेडिकल असिस्टंटचा कोर्स घेतला होता आणि कोर्स पुरा व्हायच्या आत कॉलेजच बंद पडलं. डिग्री नाही, सर्टिफिकेट नाही, लोन मात्र आहे. त्यांना टॅक्स रिफंड वळता करणार अशी नोटीस आली. आता कायद्यात क्लोज्ड स्कूल डिस्चार्ज आहे, म्हणजे कॉलेज बंद झाल्यामुळे कोर्स पुरा करता आला नाही तर लोन माफ, पण त्यासाठी कॉलेज बंद व्हायच्या दिवशी तुम्ही शिकत असायला हवं किंवा त्याच्या आधी ठरावीक दिवसांच्या आतच सोडलेलं असायला हवं, जुन्या लोनना १२० दिवस आणि जुलै २०२० नंतरच्यांना १८०. यांच्या रेकॉर्डवर कॉलेजने सोडल्याची तारीख अशी टाकलेली की त्या १२० दिवसांच्या बाहेर पडत होत्या. बाई म्हणत होत्या, अहो मी तर शेवटपर्यंत जात होते. पण पुरावा काय, कॉलेजच नाही तर हजेरीपट कुठून आणणार.

मग बोलता बोलता कळलं की त्या कोर्समध्ये एका क्लिनिकमध्ये ट्रेनिंग असायचं आणि तिथे तासांचा कागद रोज सही करून घ्यावा लागायचा. त्यांनी त्या कागदांचे फोटो काढून ठेवले होते, जुन्या फोनमध्ये. तो फोन त्यांच्या मुलाने चार्ज करून चालू केला आणि त्यात ते फोटो निघाले, प्रत्येकावर क्लिनिकच्या नर्सची सही आणि तारीख. मी त्या सगळ्या तारखा एका तक्त्यात लावल्या, कॉलेजने दाखवलेल्या तारखेनंतरही त्या कित्येक आठवडे तासन् तास ट्रेनिंग करत होत्या हे स्वच्छ दिसत होतं. अर्ज तसा छोटाच असतो, पण त्याला जोडलेलं त्यांचं निवेदन आम्ही पुन्हा पुन्हा लिहिलं, कारण त्यावरची सही शपथेवरची असते आणि एक वाक्य जरी त्यांना शंभर टक्के आठवत नसलं तरी ते ठेवायचं नाही असा माझ्या सुपरवायझरचा नियम होता. मी असेपर्यंत निकाल आला नव्हता. पण अर्ज करताना त्या बाई पहिल्यांदा म्हणाल्या की चूक माझी नव्हती ना मग, आणि मला वाटतं तेवढ्यासाठी कुठल्याही लॉ स्टुडंटने तिथे बसावं.

आता मुद्द्याचं. अशा इंटर्नशिपमध्ये चांगलं-वाईट ठरतं ते सुपरवायझरवर, ऑफिसच्या नावावर नाही. माझ्या मते हे एकच बघून निर्णय घ्यावा. आमच्याकडे प्रत्येक इंटेकनंतर माझ्या सुपरवायझर वकील पंधरा मिनिटं बसायच्या, तू काय विचारलंस, काय विचारायचं राहिलं, तुला काय वाटतं कुठला रस्ता आहे. इंटर्नला कायदेशीर सल्ला द्यायची परवानगी नाही, लायसन्स नसताना सल्ला दिला तर तो गुन्हा होऊ शकतो, म्हणून क्लायंटला काही सांगायचं तर आधी त्यांच्याकडून पास करून घ्यायचं. याचा कंटाळा येत नाही, उलट विचार पक्का होतो. माझ्या पहिल्या मेमोवर इतक्या खुणा होत्या की मूळ मजकूर शोधावा लागला, पण प्रत्येक खुणेशेजारी कारण लिहिलेलं होतं. असं शिकवणारं माणूस मला क्लासमध्येही क्वचित भेटलंय. माझ्याच बॅचचा एक मित्र दुसऱ्या एका नावाजलेल्या संस्थेत होता, त्याला समरभर फक्त रिसर्च आणि साइटेशन तपासायला दिलं, एकाही कर्जदाराशी बोलणं नाही. रेझ्युमेवर दोघांचं सारखंच दिसतं. त्याला आजही तुम्ही विचारा डिफॉल्टमधून बाहेर पडायला रिहॅबिलिटेशन (ठरलेले हप्ते वेळेवर भरून) बरं की कन्सॉलिडेशन (नवीन लोन घेऊन जुनं फेडून), तो नियम सांगेल, पण समोरच्या माणसाला कुठलं झेपेल हे सांगता येणार नाही.

अर्थात रिसर्चचं काम हलकं नाही, त्याची जागा वेगळी आहे, आणि इथे ऑफिसांचे प्रकार समजून घ्या कारण अर्ज करताना याचा फार उपयोग होतो. ज्या लीगल एडला लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनचा, म्हणजे सरकारी निधी वाटणाऱ्या संस्थेचा पैसा येतो त्यांना १९९६ पासून क्लास ॲक्शन, म्हणजे अनेकांच्या वतीने एकच दावा, करायला बंदी आहे. तिथे एकेका माणसाची केस. मोठे दावे दुसऱ्या संस्था करतात. प्रोजेक्ट ऑन प्रिडेटरी स्टुडंट लेंडिंग हे त्यातलं मोठं नाव, ते हार्वर्डच्या लीगल सर्व्हिसेस सेंटरमधून निघालं, म्हणजे मुळात लॉ स्टुडंट्स जिथे क्लिनिकमध्ये शिकतात तिथलंच. त्यांनी लढवलेली स्वीटची केस वाचाच. फसवणाऱ्या कॉलेजांविरुद्ध बॉरोअर डिफेन्सचे, म्हणजे कॉलेजने फसवलं म्हणून लोन माफ करा असे, अर्ज केलेले लोक, सरकार वर्षानुवर्षं निकालच देत नव्हतं, २०१९ मध्ये दावा टाकला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जज विल्यम ऑल्सप यांनी सेटलमेंट मंजूर केलं, त्यात यादीतल्या १५१ कॉलेजांचे सुमारे २ लाख लोक, जवळपास ६ अब्ज डॉलरचं लोन माफ. त्यांना आपापली केस वेगळी सिद्ध करावी लागली नाही. बॉस्टनचं नॅशनल कन्झ्युमर लॉ सेंटर आहे, ते देशभरातल्या लीगल एड वकिलांना शिकवतं, पॉलिसीवर काम करतं. ज्याला लिहिण्याची, मोठ्या खटल्यांची आवड आहे त्याने तिकडे जावं. मला माणसांशी बोलायचं होतं, मी लीगल एड निवडलं, आणि पहिल्या समरला तरी मी सगळ्यांना तेच सुचवीन. कॉरिंथियन कॉलेजेस ही फॉर-प्रॉफिट कॉलेजांची साखळी २०१५ मध्ये बुडाली आणि तिथल्या ५ लाख ६० हजार लोकांना सरसकट माफी जाहीर व्हायला जून २०२२ उजाडला. ती मधली सात वर्षं लोकांनी कशी काढली हे फोनवर ऐकल्याशिवाय क्लास ॲक्शन कशासाठी करायची हे नीट कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

बँकरप्सीचा एक तुकडाही करायला मिळाला आणि तो मला सगळ्यात जास्त आवडला. स्टुडंट लोन दिवाळखोरीत माफ होतच नाही असं सगळे धरून चालतात, चांगले वकीलसुद्धा. होतं, पण अनड्यू हार्डशिप, म्हणजे लोन फेडायला लावलं तर अवाजवी हाल होतील हे, सिद्ध करावी लागते, आणि त्यासाठी बँकरप्सीच्या आतच वेगळा दावा टाकावा लागतो. बहुतेक कोर्टं अजून १९८७ ची ब्रुनर टेस्ट लावतात. आत्ता भागत नाही, पुढेही बराच काळ भागणार नाही, आणि आजवर प्रामाणिकपणे प्रयत्न केले, या तीन गोष्टी. नोव्हेंबर २०२२ मध्ये जस्टिस डिपार्टमेंटने नवीन पद्धत आणली, कर्जदाराने ॲटेस्टेशन फॉर्म भरायचा, आणि काही परिस्थितींमध्ये पुढे भागणार नाही असं सरकारी वकिलाने गृहीतच धरायचं. वय ६५ किंवा जास्त, अपंगत्व, मागच्या दहापैकी निदान पाच वर्षं बेकारी, डिग्री पुरी झाली नाही, किंवा लोन निदान दहा वर्षं फेडीत आहे, अशा. मला हे फॉर्म भरायला बसवलं. घरखर्चाचा प्रत्येक आकडा आयआरएसच्या प्रमाणाशी ताडायचा आणि जास्त असेल तर का जास्त ते लिहायचं. एका आजोबांचा औषधांचा खर्च लिहिताना पावत्या जुळवत आम्ही पूर्ण दुपार घालवली. कॉन्ट्रॅक्ट्सच्या क्लासमध्ये जे वर्षभरात कळलं नाही ते त्या दुपारी कळलं, की फॅक्ट्स उभे करणं हेच वकिलीतलं मोठं काम आहे.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, पैसे. ऑफिसकडून शून्य. माझ्या स्कूलने पब्लिक इंटरेस्ट ग्रँट दिली पण ती समरभराच्या भाड्यालाही पुरली नाही. अभ्यासक्रमाचं क्रेडिट घेऊन केलं तर समरच्या क्रेडिटची ट्यूशन उलट आपल्यालाच भरावी लागते. यातून होतं काय, की ज्यांच्या घरी पैसा आहे तेच फुकट काम करू शकतात, आणि ज्या मुलांनी स्वतः लोन काढून लॉ स्कूल धरलंय, ज्यांच्या आईवडिलांनी हेच सगळं भोगलंय, ती मुलं या कामाला सगळ्यात लायक असून फर्मकडे जातात. हे मला अतिशय खटकतं. शिवाय जुलै २०२६ पासून नवीन विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं फेडरल) लोन बंद आणि लॉसारख्या प्रोफेशनल डिग्रीला वर्षाला ५० हजार डॉलरची फेडरल मर्यादा, म्हणजे बिनपगारी समर अजून अवघड. ज्या संस्था कर्जदारांसाठी लढतात त्यांनी तरी इंटर्नला पैसे द्यायलाच हवेत, निधी कमी असेल तर दोन इंटर्न कमी घ्या पण द्या. तोवर तुम्ही काय करू शकता, तर फेडरल वर्क-स्टडी (विद्यार्थ्याच्या पगारासाठीचा सरकारी निधी) त्या ऑफिसला लागू करता येतं का ते फायनान्शियल एडला विचारा, आणि ग्रँट क्रेडिटसोबत घेता येते का तेही, कारण लॉ स्कूलना मान्यता देणाऱ्या एबीएने (अमेरिकन बार असोसिएशन) २०१६ पासून क्रेडिट आणि पैसे दोन्ही एकत्र घ्यायला मोकळीक दिलीय पण प्रत्येक स्कूलचा नियम वेगळा.

दुसरी तक्रार ट्रेनिंगची. पहिल्या आठवड्यात एक जाडजूड बाइंडर हातात दिलं आणि ४ जुलै २०२५ ला फेडरल लोनचे नियम बदलणाऱ्या नवीन कायद्यावर सही झाली तेव्हा त्यातली हप्त्यांच्या योजनांची पानं बघता बघता जुनी होऊ लागली. कमाईप्रमाणे हप्ता ठरवणारी सेव्ह योजना तर आधीच कोर्टात अडकलेली होती. यात ऑफिसचा दोष कमी आहे, नियमच असे हलतात. तरी दर सोमवारी अर्धा तास बसून काय बदललं एवढं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आम्ही इंटर्ननी शेवटी आपापसातच एक शेअर्ड डॉक्युमेंट केलं. आणि फोनवर होल्डची तयारी ठेवा. सर्व्हिसरला क्लायंटसोबत तिघांचा कॉल लावायचा आणि वाट बघत बसायचं, क्लायंट कामावरून सुट्टी घेऊन बसलेला असतो, त्या सुट्टीचा पगार बुडत असतो, हे बघून राग येतो.

मनावर ताण येतो हेही स्पष्ट सांगते. लोक रडतात. काही जण कर्जमाफी करून देतो म्हणणाऱ्या भामट्या कंपन्यांना शेकडो डॉलर आगाऊ देऊन बसलेले असतात, ज्या अर्जाला सरकारी वेबसाइटवर एक पैसाही लागत नाही त्याच्यासाठी. कर्ज सोडवून देतो म्हणून फोनवर आगाऊ फी घेणं फेडरल नियमाने बंद आहे, तरी चालतं. माझ्या सुपरवायझर शुक्रवारी सगळ्यांना एकत्र बसवून बोलायला लावायच्या, त्याची मला खूप मदत झाली.

एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर असाल तर बिनपगारी आहे म्हणून सीपीटी (शिक्षणाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) नको असं परस्पर ठरवू नका, आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा आणि लवकर विचारा, कागद हातात आल्याशिवाय कामाला सुरुवात नाही. सीपीटीला साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं लागतं, त्यामुळे जेडीच्या पहिल्या समरला जमतं पण एक वर्षाच्या एलएलएमवाल्यांना अवघड जातं.

कोर्टात उभं राहायचं स्वप्न असेल तर दुसऱ्या समरला जा, बहुतेक राज्यांत स्टुडंट प्रॅक्टिसची परवानगी फर्स्ट इयरनंतर लगेच मिळत नाही. प्रायव्हेट लोनच्या केसेस राज्याच्या कोर्टात चालतात, तिथे लोन विकत घेतलेल्या ट्रस्टकडे बऱ्याचदा मालकीचे कागदच पुरे नसतात आणि त्यावर केस उडू शकते, ते बघायला मी सुपरवायझरबरोबर गेले होते आणि मागे बसून बघण्यातही खूप शिकले. त्या दिवशी कोर्टात बहुतेक कर्जदारांकडे वकील नव्हता. काही जण तर आलेच नव्हते आणि त्यांच्याविरुद्ध एकामागून एक एकतर्फी निकाल लागत होते.

जागा पीएसजेडी या पब्लिक इंटरेस्ट कामांच्या वेबसाइटवर शोधा, कन्झ्युमर आणि इकॉनॉमिक जस्टिस असं टाकून, आणि अर्ज हिवाळ्याच्या सुट्टीतच पाठवून द्या. कव्हर लेटरमध्ये स्वतःच्या किंवा घरच्या लोनचा अनुभव असेल तर लिहा, लपवू नका, या ऑफिसांत त्याची किंमत होते. स्पॅनिश किंवा दुसरी कुठली भाषा येत असेल तर तेही वर लिहा. इंटरव्ह्यूमध्ये त्यांनी शेवटी काही विचारायचंय का म्हटलं की हे विचारा: मी क्लायंटशी स्वतः बोलेन का, माझं काम कोण तपासणार आणि किती दिवसांनी, मागच्या वर्षीच्या इंटर्नचा नंबर मिळेल का. मागच्या इंटर्नशी बोलल्याशिवाय ऑफर घेऊ नका. त्या तीन प्रश्नांवर समोरचा माणूस अडखळला तर ऑफिस कितीही नावाजलेलं असो, दुसरं बघा.